गार्नेटच्या घरातलं पिस्तूल

कढई विस्तवावर चढून तास होऊन गेला, तरी ट्रेसाच्या पिस्तुलाचा विषय कुणी काढला नव्हता. तो आज निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच जो तो सफरचंदांबद्दल बोलत होता. यंदा आंबटपणा जास्त आहे. दालचिनी एवढ्यात टाकू नका. लाकूड ओलं निघालं, धूर फार होतोय.

ऑक्टोबरातला हा शनिवार व्हॅनओव्हरांच्या घरी ॲपल बटरचा, म्हणजे सफरचंदाचा गर आटवून केलेल्या मुरंब्याचा. केंटकीच्या त्या खोऱ्यात आता ते फार कुणी घरी करत नाही, दुकानात बरणी मिळते. पण गार्नेट व्हॅनओव्हर शहात्तर वर्षांची झाली तरी सासूची तांब्याची कढई दर वर्षी अंगणात काढायची, आणि मुलगा, सून, लेक, नात सगळ्यांना यावंच लागायचं. आदल्या संध्याकाळी सोललेली सफरचंदं सकाळी कढईत पडायची, ती आटून काळपट, दाट होईपर्यंत उन्हं कलायची. तोवर लांब दांड्याचा लाकडी कालथा थांबवायचा नाही. थांबला की बुडाशी लागलं, आणि एकदा लागलं की सगळी कढई वाया.

कालथा आत्ता आर्लेटाकडे होता. आर्लेटा म्हणजे गार्नेटची मुलगी आणि ट्रेसाची आई. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभं आयुष्य मोठमोठी पातेली ढवळली होती, त्यामुळे तिच्या हाताला हे काम नवं नव्हतं. पण आज ती उगाच जोरात ढवळत होती. गर उडून तिच्या मनगटावर चटका बसला तरी तिनं हात झटकला नाही.

शेवटी डेन्व्हरनंच तोंड उघडलं. तिचा थोरला भाऊ. दार अडेल एवढा आडवा माणूस, खाणीच्या ट्रकांची इंजिनं दुरुस्त करणारा.

"बरं, मग सोमवारी मी रजा टाकू का?" त्यानं विस्तवात लाकूड सारता सारता विचारलं.

"कशाला?" आर्लेटानं विचारलं.

"पोरीला दुकानात न्यायला. एकटी गेली तर तो विक्रेता तिच्या गळ्यात काहीही मारेल."

"डेन्व्हर, मी नको म्हटलंय."

"तू म्हटलंस. ती सत्तावीस वर्षांची आहे, आर्ले. एका लेकराची आई आहे."

"लेकराची आई आहे म्हणूनच!"

ओसरीवर ट्रेसा आणि वांडा बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घालत होत्या. ट्रेसानं हातातली बरणी तशीच धरून ठेवली. ती उन्हाळ्यातच, नवऱ्यापासून सुटून, पाच वर्षांच्या जोसीला घेऊन आजीकडे राहायला आली होती. नवरा कोल्टन. त्यानं तिला दोनदा दवाखान्यात पोचवलं होतं. कोर्टानं त्याला मनाई हुकूम दिला होता: ट्रेसाच्या आणि या घराच्या जवळपास फिरकायचं नाही. तरी सप्टेंबरात एकदा सकाळी तिच्या गाडीची चारही चाकं कापलेली सापडली. कुणी कापली ते कुणी पाहिलं नव्हतं.

"मामा, मला तुझं जुनं रिव्हॉल्व्हर नकोय हं," ट्रेसा ओसरीवरूनच म्हणाली. "मी बघून ठेवलंय. साधंसं सेमी-ऑटोमॅटिक आहे. माझ्या पगारात बसतं."

"बसतं म्हणजे स्वस्त आहे. आणि स्वस्त आहे म्हणजे ऐन वेळी अडकणार."

"काही अडकत नाही," वांडा म्हणाली. ती डेन्व्हरची बायको आणि तालुक्याच्या तुरुंगातली पहारेकरीण, त्यामुळे या बाबतीत तिचा शब्द घरात थोडा वरचा असायचा. "तुमच्या वेळचं स्वस्त वेगळं होतं. मी रोज कमरेला लावते ते काय सोन्याचं आहे?"

"वहिनी, तूसुद्धा?" आर्लेटा म्हणाली.

"मी घ्या म्हटलं नाही. अडकत नाही एवढंच म्हटलं."

"आणि या घरात ते आणणार कुठून? फाटकातून?"

सगळ्यांची नजर गार्नेटकडे गेली.

गार्नेट खुर्चीत बसून दालचिनी कुटत होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, बर्लनं, मागच्या गोठ्यात स्वतःवर पिस्तूल चालवलं, आणि त्याच दिवशी तिनं डेन्व्हरला घरातली एकूण एक बंदूक उचलून न्यायला लावली. तेव्हापासून फाटकाच्या आत शस्त्र नाही. शिकारीच्या दिवसांतसुद्धा डेन्व्हर ट्रक फाटकाबाहेर लावायचा आणि रिकाम्या हातानं आत यायचा. भाच्यापुतण्यांनी कुरकुर केली, शेजारी हसले. नियम मोडला नाही.

"माझ्याकडे काय बघता?" गार्नेट म्हणाली. "आर्लेटा, कालथा थांबला तुझा."

पुढं ती काही बोलली नाही, आणि आर्लेटानं तेच आपल्या बाजूचं धरलं.

तिला मनातलं खरं कारण बोलता येत नव्हतं. फेब्रुवारीत, घटस्फोटाची कागदपत्रं चालू असताना, ट्रेसानं तीन दिवस अंथरूण सोडलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं आईला फोन करून फक्त एवढं म्हटलं होतं, "मम्मा, मला जगावंसं वाटत नाही, तू ये." आर्लेटानं तिला गाडीत घालून लेक्सिंग्टनच्या इस्पितळात नेलं होतं. घाटातल्या प्रत्येक वळणावर ती एका हातानं चाक धरायची आणि दुसऱ्या हातानं पोरीचं मनगट. ट्रेसा बरी होऊन आली. गोळ्या घेते, डॉक्टरकडे जाते, दंतवैद्याच्या दवाखान्यात कामाला लागली आहे, हसतेसुद्धा. पण आर्लेटाच्या हाताला ते मनगट अजून जाणवायचं. वडिलांना पुरून आलेली बाई होती ती. लेकीच्या उशाशी तीच वस्तू? नाही. मग कोल्टन दारात आला तरी बेहत्तर.

"दे इकडं," डेन्व्हर म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातून कालथा घेतला. "जा, पाणी पी. धूर गेलाय डोळ्यांत."

धूर गेला नव्हता, हे त्यालाही दिसत होतं.

डेन्व्हर ढवळत राहिला. बहीण काय बोलत नाही हे त्याला कळत होतं, पण त्याला दुसरीच भीती खात होती. तो खोऱ्याच्या खालच्या टोकाला राहायचा. आईच्या घरी पोचायला रस्ता सुका असला तरी वीस मिनिटं. शेरीफच्या माणसांचं, म्हणजे तिथल्या पोलिसांचं, तर नावच नको. रोज रात्री फोन उशाशी ठेवून तो झोपायचा आणि झोपेतच हिशेब करायचा: फोन वाजला, पँट चढवली, ट्रक सुरू झाला, आणि आपण पोचलो तेव्हा काय दिसलं.

ट्रेसा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "मामा, मम्मा ऐकणार नाही."

"तिची परवानगी लागत नाही तुला."

"आजीची लागते. घर तिचं आहे."

"मग मी माझी राहायची गाडी आणून फाटकाबाहेर लावतो. तिथंच झोपतो."

"आणि वांडामामी?"

"ती म्हणेल, ब्याद गेली." तो हसला. "पाच वर्षं मागतेय ती घोरण्यापासून सुटका."

ट्रेसाही हसली. तिनं त्याच्याकडून कालथा मागून घेतला आणि ढवळायला लागली.

तेवढ्यात खालच्या वळणावर पांढरा ट्रक दिसला.

पहिल्यांदा वांडानं पाहिला. लोकांच्या हालचालींवर नजर ठेवणं हा तिचा रोजचा धंदा. ट्रक ज्या सावकाशीनं येत होता त्यावरूनच कोल्टन आला हे तिला कळलं. तो पत्रपेटीजवळ येऊन थांबला, फाटकापासून हाकेच्या अंतरावर. इंजिन चालूच.

"जोसी कुठंय?" तिनं विचारलं.

"आत, झोपलीय," आर्लेटा म्हणाली, आणि ट्रक बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती घराच्या दारात जाऊन पाठ लावून उभी राहिली.

डेन्व्हर आपल्या ट्रककडे निघाला होता. त्याची बंदूक तिथं सीटमागं होती. वांडा धावत जाऊन त्याच्या आडवी उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीशी येत होतं.

"हो बाजूला."

"नाही. त्याच्या हातात काही नाहीये, दोन्ही हात चाकावर आहेत, मी बघतेय. तू बंदूक घेऊन रस्त्यावर गेलास की गुन्हेगार तू. मग मी तुला रोज जेवणाचं ताट सरकवायचं का गजांतून?"

"मग काय बघत बसू?"

"हो. तू नुसता उभा राहा. तुझं उभं राहणंच पुरे आहे." आणि तिनं खिशातला फोन काढून शेरीफच्या कचेरीत लावला.

तोपर्यंत गार्नेट फाटकाबाहेर पडली होती.

ती कधी उठली ते कुणी पाहिलंच नाही. एप्रनला दालचिनी लागलेली, पायांत घरातल्या सपाता. ती ना भरभर चालत होती ना रेंगाळत. रोज पत्रं आणायला जायची तशी चालली होती. वांडा फोन कानाला लावून तिच्या मागं थोड्या अंतरावर गेली, आणि पुढचं बोलणं तिनं शब्दन् शब्द ऐकलं.

"आजी," कोल्टन काच खाली करून म्हणाला. "मला फक्त जोसीला बघायचंय."

"कोर्टानं दिलेल्या दिवशी बघ. दिलेल्या ठिकाणी."

"ट्रेसाला बोलव. दोन मिनिटं बोलतो आणि जातो."

"ती येणार नाही."

"ती येणार नाही की तू येऊ देणार नाहीस?"

"दोन्ही." गार्नेटनं पत्रपेटीवर हात टेकला. "कोल्टन, पहिल्यांदा माझ्याकडे जेवलास तेव्हा तीन वेळा बटाटे वाढून घेतलेस तू. मी आर्लेटाला म्हटलं, पोरगं गुणी दिसतंय. मी तुला घरातला समजत होते. ते संपलं. आता तू रस्त्यावरचा माणूस आहेस, आणि या रस्त्यावर थांबायची तुला मनाई आहे. वळव गाडी."

"नाही वळवली तर?"

"तर मी इथंच उभी राहीन. तुला जायचं तर माझ्या अंगावरून जावं लागेल, आणि हे सगळे बघतायत."

त्यानं अंगणाकडे पाहिलं. चुलाणाच्या धुरात डेन्व्हर कुऱ्हाडीच्या ओंडक्याशेजारी हात लोंबते सोडून उभा होता. वांडाच्या कानाला फोन होता. कोल्टननं काहीतरी घाण शिवी पुटपुटली, ट्रक इतक्या झटक्यात वळवला की मागचं चाक चरात गेलं, आणि निघून गेला.

एवढा वेळ ट्रेसा ढवळत होती. तिला पळता आलं नव्हतं, ओरडता आलं नव्हतं. फक्त हात चालू राहिले होते. डेन्व्हरनं येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कालथ्याचा दांडा तिच्या हातातून सोडवायला त्याला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. गर बुडाशी कुठंही लागला नव्हता.

शेरीफचा माणूस लवकर आला. त्यानं सगळ्यांचं म्हणणं लिहून घेतलं, हुकूम मोडल्याबद्दल आजच अटक होईल असं सांगितलं. जाताना टोपी हातात घेऊन गार्नेटला म्हणाला, "आज मी पुलाशीच होतो म्हणून आलो, मावशी. एरवी आम्हाला इथं यायला पाऊण तास लागतो. खोटं कशाला सांगू?"

तो गेला आणि आर्लेटाला एकदम मोकळं वाटलं. ती आईजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली, तिचे हात हातात घेतले.

"बघितलंत?" ती सगळ्यांकडे बघत म्हणाली. "बघितलंत ना आई काय करून आली? सपाता घालून! हातात काठीसुद्धा नाही! आता बोला, पिस्तूल हवंय म्हणून."

"खरंय बाई," वांडा म्हणाली. "तुरुंगात वीस वर्षं काढली मी, पण नुसत्या बोलण्यानं माणूस असा मागं हटलेला नाही पाहिला. आई, तुम्हाला दंडवत."

डेन्व्हर आईकडे बघून नुसती मान हलवत होता.

"मला पाणी द्या," गार्नेट म्हणाली.

ट्रेसानं पाणी आणलं. गार्नेटनं पेला तोंडाला लावला तेव्हा तो दातांवर वाजला. अर्धं पाणी एप्रनवर सांडलं. मग तिनं पेला खाली ठेवला.

"आर्लेटा, तू चुकीचं बघितलंस," ती म्हणाली. "तो मला घाबरून गेला नाही. मी म्हातारी बाई. तो माझ्या मागं बघत होता. डेन्व्हर उभा होता, वांडाच्या हातात फोन होता. म्हणून गेला. मंगळवारी रात्री इथं कोण असेल? मी, ट्रेसा आणि जोसी. मंगळवारी तो पत्रपेटीशी थांबणार नाही."

"आई..."

"मी जाताना देवाला एकच मागत होते, याला कळू देऊ नकोस की माझ्याकडे काही नाही." तिनं तोंड पुसलं. "डेन्व्हर, सोमवारची रजा टाकू नकोस. पण ते पिस्तूल घ्यायचं."

डेन्व्हरला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याला रडू आलं.

आर्लेटा उभी राहिली. "आई, तू? ज्या घरात बाबांनी..."

"ते घर वेगळं होतं. तेव्हा यात मी होते आणि तुझे बाबा होते. माझ्या बाबतीत जे घडलं त्याच्यावरून नियम केला मी. आता घरात एक पाच वर्षांची पोर झोपते."

"आणि ट्रेसा झोपते!" आर्लेटा ओरडली, आणि ओरडल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. इतके दिवस गिळलेलं बाहेर आलं होतं.

मामा आणि मामी दोघंही जमिनीकडे बघायला लागले. फेब्रुवारीतली गोष्ट या घरात आजवर कुणी नावानं उच्चारली नव्हती. 'ट्रेसाला बरं नव्हतं' एवढंच म्हणायचे, जसं नऊ वर्षं 'बर्ल गेला' एवढंच म्हणत आले होते.

"ये इकडं," गार्नेट नातीला म्हणाली. ट्रेसा तिच्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसली. "मी तुला एक विचारणार आहे. तुझ्या आजोबांना मी ते विचारलं नव्हतं. विचारलं तर त्यांच्या डोक्यात येईल असं वाटलं मला. ते आधीच आलेलं होतं. म्हणून तुला विचारते. ते पिस्तूल हाताशी असलं, तर तू ते स्वतःवर उचलशील?"

"आई, काय हे!" डेन्व्हर म्हणाला.

"तू गप्प बस."

ट्रेसानं आजीकडे पाहिलं. इस्पितळात डॉक्टरांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कितीदा तरी विचारला होता आणि तिनं नीट उत्तरंही दिली होती. पण घरातल्या कुणी विचारायची ही पहिली वेळ, आणि तिच्या लक्षात आलं की आपण याचीच वाट बघत होतो. आई मनगट धरून ठेवायची, मामा विनोद करायचा, मामी भांडी घासायला घ्यायची. सगळे प्रेम करत होते आणि सगळे तिच्याकडे काचेच्या भांड्यासारखं बघत होते.

"फेब्रुवारीत घरात पिस्तूल असतं," ती म्हणाली, "तर आज मी इथं ढवळत नसते, आजी."

आर्लेटानं डोळे मिटले.

"आता मी बरी आहे. खरंच बरी आहे, मम्मा. पण कायमची बरी राहीन असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. कधी कधी दिवस वाईट जातो. आत्ता ट्रक आला ना, तेव्हा मला त्याची भीती वाटली. आणि गेल्या आठवड्यात दुकानात ते पिस्तूल हातात घेतलं, तेव्हा मला स्वतःचीपण थोडी वाटली. मी कुणाला बोलले नाही. कारण मग तुम्ही म्हणाल, बघ, आणि तो येईल, आणि आपल्या हातात काहीच नसेल."

मग वांडा पुढं आली, ट्रेसाच्या कपाळावर तिनं ओठ टेकले. "माझ्याकडे दणकट दणकट पुरुष येतात," ती म्हणाली. "त्यांच्यातल्या एकालाही स्वतःबद्दल एवढं खरं बोलता येत नाही."

"मग तुझ्या नावावर नाही घ्यायचं," गार्नेट म्हणाली. जणू तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. "माझ्या नावावर, माझ्यासाठी. माझं पिस्तूल, माझ्या कुलपात, किल्ली माझ्या अंगावर. उचलायची वेळ आली तर मी उचलीन. तुझ्या हाताला ते लागणार नाही. आर्लेटा, चालेल?"

आयुष्यभर आर्लेटा आईच्या बाजूची होती आणि आज आईनंच बाजू बदलली होती. पण आईनं जे विचारलं ते विचारायची तिची स्वतःची हिंमत आठ महिन्यांत झाली नव्हती. "किल्ली रात्री उशीखाली नाही," ती शेवटी म्हणाली. "गळ्यात. आणि आणखी एक. ट्रेसाचा दिवस वाईट गेला की ती मला सांगेल, त्याच दिवशी, आणि मी येऊन कुलपासकट ते माझ्याकडे नेईन."

"सांगीन," ट्रेसा म्हणाली.

"पण आई, तुम्हाला ते ओढता येईल का?" वांडानं विचारलं. "बोटं बघा तुमची."

गार्नेटच्या बोटांची पेरं संधिवातानं गाठीसारखी झाली होती. हिवाळ्यात तिला बरणीचं झाकणही उघडायचं नाही.

"बघू की," ती म्हणाली.

ट्रेसाला कढईपाशी ठेवून चौघं फाटकाबाहेर, ओढ्यालगतच्या रिकाम्या शेतात गेले. समोर मातीचा उंच बांध होता. डेन्व्हरनं आपलं दुसरं, मोठं पिस्तूल ट्रकमधून आणलं, रिकामं करून दाखवलं आणि आईच्या हातात दिलं. गोळी नळीत यायची तर वरचा लोखंडी भाग मागं ओढून सोडायचा असतो. गार्नेटनं ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला, दात आवळून. बोटं निसटली.

"राहू दे, आई," डेन्व्हर म्हणाला. त्याच्यानं बघवत नव्हतं.

"हे तुझ्यासारखंच आहे. मोठं आणि अडेल," वांडा म्हणाली आणि तिनं ट्रकमध्ये ठेवलेलं आपलं आणलं. लहान, साधं, काळं. दुकानात ट्रेसानं पाहिलं होतं ते याच जातीचं. "याची स्प्रिंग मऊ आहे. बोटांच्या टोकांनी नका ओढू. डाव्या हाताच्या सगळ्या तळव्यानं वरचा भाग घट्ट धरा, छातीशी आणा, नळी समोर. आणि तो ओढू नका. उजव्या हातानं मूठ पुढं ढकला."

गार्नेटनं छातीशी धरलं. तेलाचा वास नाकात गेला. बर्लच्या कोटाला हा वास असायचा. रविवारी दुपारी तो स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बंदुका पुसत बसायचा आणि ती समोर पावट्याच्या शेंगा सोलायची, नि दोघं कशावरही बोलायची. नऊ वर्षं तिनं तो वास घराबाहेर ठेवला होता आणि त्याच्याबरोबर त्या दुपारीही. हात सैल सोडून देऊन परत जावं असं तिला वाटलं. मग तिनं मूठ पुढं ढकलली.

खट्कन आवाज झाला. आर्लेटाच्या तोंडून "अगं आई!" निघून गेलं.

वांडानं तिला उभं राहायला शिकवलं, कानावर संरक्षक लावले, गोळ्या भरून दिल्या. पहिली गोळी बांधाच्या वर कुठंतरी गवतात गेली. दुसरी मातीत. त्यापुढच्या गोळ्या डेन्व्हरनं लावलेल्या पुठ्ठ्याला लागल्या. नेमक्या मधे नाहीत, पण दारातल्या माणसाला लागतील इतक्या जवळ. प्रत्येक आवाजाला तिचे खांदे उडत होते. गोळ्या संपेपर्यंत ती थांबली नाही. मग पिस्तूल वांडानं सांगितल्याप्रमाणे उघडं करून, नळी खाली ठेवून परत दिलं.

"कसं वाटलं?" डेन्व्हरनं विचारलं.

"वाईट," गार्नेट म्हणाली. "पण जमतं."

आर्लेटानं आईचा हात धरला आणि चढावर परत येईपर्यंत सोडला नाही. मधेच तिनं विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"कुणाची?"

"घरात ते असण्याची."

"वाटते ना. म्हणून तर किल्ली गळ्यात." थोडं चालून ती पुढं म्हणाली, "तुझे बाबा गेले त्यात माझा दोष नव्हता हे मला पटायला फार वर्षं लागली. तुला तेवढा वेळ लावायची गरज नाही. तू त्या दिवशी लेक्सिंग्टनला गाडी नेलीस. पोरगी जिवंत आहे."

वर अंगणात जोसी उठून आली होती आणि ट्रेसा तिला चमच्यावर फुंकर मारून गर चाखवत होती. कढईतला रंग आता हवा तसा गडद झाला होता.

रविवारी कोल्टनला अटक झाली. "माझ्याच तुरुंगात आहे," वांडानं फोनवर सांगितलं. "मंगळवारी न्यायाधीशापुढं उभा राहील. जामीन मिळेल बहुतेक."

सोमवारी दुपारी ट्रेसा आजीला घेऊन गावात गेली. गार्नेटनं चर्चला जायचा निळा कोट घातला होता. बंदुकांच्या दुकानासमोर गाडी थांबली. दारावर हरणाचं शिंग, काचेत मासेमारीच्या जाहिराती.

"तू येतेस आत?" गार्नेटनं विचारलं.

"नको. मी इथंच थांबते."

गार्नेट एकटी आत गेली. काचेतून ट्रेसाला दिसत होतं: विक्रेता एक मोठंसं, चकचकीत पिस्तूल पुढं करतोय, आजी मान हलवतेय, बोटानं दुसरं दाखवतेय, छातीशी धरून बघतेय. विक्रेत्याच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या. मग तो हसला आणि त्यानं टोपीला हात लावला. गुन्ह्यांच्या नोंदींची चौकशी, फोन, सह्या यात बराच वेळ गेला. ट्रेसानं गाडीचा रेडिओ लावला, बंद केला. तिला वाटलं होतं आपल्याला लाज वाटेल, गाडीत बसून राहिल्याची. तशी वाटली नाही.

गार्नेट बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तपकिरी पिशवी होती आणि काखेत कुलपाची छोटी लोखंडी पेटी. तिनं दोन्ही गाडीच्या मागच्या डिकीत ठेवलं, पुढं येऊन बसली, पट्टा लावला. ट्रेसानं गाडी सुरू केली. गावाबाहेरचा पूल मागं पडला.

"आजी, ते ठेवणार कुठं तू?"

गार्नेट समोर रस्त्याकडे बघत होती.

"तुला नाही सांगणार," ती म्हणाली.

ट्रेसानं सुटकेचा मोठा श्वास सोडला. "बरं," ती म्हणाली, आणि गिअर बदलून चढाला लागली.